देश सोडलेला वैद्य आणि देश सोडलेला रुग्ण

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून बोलणारा वक्ता बहुधा डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा, स्पर्धा परीक्षांना बसा, असा उपदेश करतो. तो योग्यच आहे. परंतु आज मी अशा एका व्यवसायाबद्दल बोलणार आहे, की ज्याचे नाव आपल्या घरांत सहसा निघत नाही आणि निघालेच तर आवाज खाली आणून निघते. तो व्यवसाय म्हणजे मानसोपचार. हा विषय फार मोठा आहे. मी त्यातील एकच प्रश्न घेतो. स्वतः देश सोडून आलेला मानसोपचारक जेव्हा देश सोडून आलेल्या रुग्णासमोर बसतो, तेव्हा त्याचे स्वतःचे स्थलांतर त्याच्या कामाला उपयोगी पडते, की आड येते?

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. कोकणातील मुसलमान घराण्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर नोकरीला गेली. कोणी केपटाऊनला स्थायिक झाले, कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी इंग्लंडमध्ये. १९७० नंतर आखाती देशांची वाट खुली झाली आणि गावेच्या गावे कर्त्या पुरुषांवाचून राहू लागली. पूर्वी मनीऑर्डर आणि ड्राफ्ट येत, आता पैसे थेट बँकेत जमा होतात. घर बांधले जाते, मुलींची लग्ने होतात, मशिदीला देणगी येते. पण पैसे पाठवणाऱ्याच्या मनाचे काय चालले आहे, हे ड्राफ्टवर कधी लिहिलेले नसते. तिकडे त्याला झोप लागेनाशी झाली, त्याच्या बायकोचे कशातच मन लागेनासे झाले, तर ती माणसे कोणाकडे जातात आणि त्यांना कसा वैद्य भेटतो, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

हाड मोडले तर डॉक्टरला रुग्णाची भाषा आली नाही तरी फोटो काढून निदान करता येते. मनाच्या दुखण्याचा असा फोटो निघत नाही. तेथे रुग्णाचे बोलणे हीच तपासणी आणि बहुतांशी तोच उपचार. आपली बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ती म्हणते, जीव घाबरतो, छातीत धडधडते, डोके सुन्न होते, काळीज बसल्यासारखे वाटते. ज्याला ही भाषा ठाऊक नाही, तो छातीचे दुखणे समजून हृदयाच्या तपासण्या करीत बसतो. तपासणीत काही सापडले नाही, की ‘हिला काही झालेले नाही’ असे सांगून मोकळा होतो. म्हणून आपल्याकडचा, आपल्यासारखाच बाहेर गेलेला वैद्य मिळाला तर किती बरे, असे आपल्याला वाटते. हे वाटणे स्वाभाविक आहे. ते कितपत खरे, ते आता पाहू.

आजच्या मनोविश्लेषणाचा पाया घालणारे डॉ. सिग्मंड फ्रॉइड हे स्वतःच अखेरीस निर्वासित झाले. नाझी सैन्याने ऑस्ट्रिया घेतल्यानंतर जून १९३८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांना व्हिएन्ना सोडून लंडनला जावे लागले आणि सप्टेंबर १९३९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या परंपरेतील अनेक ज्यू वैद्यांनी त्या काळात इंग्लंड-अमेरिकेत आश्रय घेतला. दुसऱ्यांच्या बालपणीचा कण न्‌ कण तपासणाऱ्या या मंडळींनी स्वतःच्या देश सोडण्याबद्दल मात्र फारच थोडे लिहून ठेवले. ज्यांचे नातेवाईक मागे मारले गेले, ज्यांना नव्या देशात लवकर रुजायचे होते, त्यांना त्या जखमेकडे पाहणे सोपे नव्हते. यातून एक धडा मिळतो. स्थलांतर भोगलेला वैद्य स्थलांतराबद्दल बोलेलच, असे नाही. कधी कधी त्याच विषयावर तो सर्वांत अधिक गप्प असतो आणि वैद्य जेथे गप्प, तेथे रुग्णही गप्प राहतो.

दुसरे उदाहरण डॉ. फ्रान्झ फॅनन यांचे. ते १९२५ साली वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीत, एका काळ्या कुटुंबात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले, नंतर लियाँ शहरात वैद्यक शिकले आणि काळ्या रंगामुळे होणारा अपमान त्यांनी तेथे पुरेपूर भोगला. १९५२ साली त्यांनी उत्तर आफ्रिकेतून फ्रान्समध्ये आलेल्या मजुरांवर एक लेख लिहिला. हे मजूर ‘सगळीकडे दुखते’ असे सांगत आणि डॉक्टर त्यांना ढोंगी समजत. त्या दुखण्यामागे घर सुटलेले, बायको-मुले दूर राहिलेली, रस्त्यावर कोणी माणूस म्हणून न पाहणारे असे आयुष्य आहे, हे फॅननने दाखवून दिले. परका असण्याचे दुःख ठाऊक असलेल्या वैद्याला जे दिसले, ते इतरांना दिसले नव्हते.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. १९५३ साली फॅनन अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. त्यांच्याकडे युरोपियन स्त्रियांचा एक विभाग आणि मुसलमान पुरुषांचा एक विभाग होता. रुग्णांच्या सभा, करमणूक, सिनेमा, वार्तापत्र, हस्तव्यवसाय अशा उपायांनी त्यांनी दोन्ही विभागांत सुधारणा करण्याचे ठरवले. युरोपियन स्त्रियांच्या विभागात हे उपाय लागू पडले. मुसलमान पुरुषांच्या विभागात ते साफ फसले. फॅननला अरबी येत नव्हती, सारे बोलणे दुभाषामार्फत होई आणि दुभाषा म्हटला की त्या शेतकरी-मजुरांना कोर्टकचेरी आणि सरकार आठवे. सभा, वार्तापत्र, नाटक हे सगळे फ्रेंच जीवनातून उचलून आणलेले होते. १९५४ साली फॅनन आणि त्यांचे तरुण सहकारी जाक अझुले यांनी या अपयशाची कारणे लिहून प्रसिद्ध केली. त्यानंतर त्या विभागात स्थानिक पद्धतीचे कॉफीघर सुरू झाले, ईदसारखे सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी बोलावला जाऊ लागला आणि रुग्ण माणसांत येऊ लागले.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रसंगाचे मर्म ध्यानात घ्या. फॅनन काळा होता, वसाहतीत जन्मलेला होता, मुसलमान मजुरांचा कैवारी होता. एवढे सगळे असूनही ब्लिदाच्या मुसलमानाला काय हवे, हे त्याला आपोआप कळले नाही. अपमानाचा अनुभव एक असला तरी भाषा, सण आणि घरातील चालीरीती निराळ्या होत्या. समदुःखी असणे ही चांगली सुरुवात आहे, पण त्याने अभ्यासाची गरज संपत नाही.

आता आपल्या उपखंडाकडे वळू. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९६० च्या दशकापासून भारत-पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी मोठ्या संख्येने काम केले. मानसोपचार हा तेथील डॉक्टरांना फारसा आकर्षक न वाटणारा विभाग, म्हणून तेथे आपल्याकडच्यांना जागा मिळत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. दिनेश भुग्रा पुढे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्‌स या संस्थेचे २००८ ते २०११ या काळात अध्यक्ष झाले. स्थलांतर आणि मनाचे आजार यांचा संबंध हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय राहिला. दुसरे नाव जाफर करीम यांचे. भारतात जन्मलेल्या या मानसोपचारकाने १९८३ साली लंडनमध्ये ‘नफ्सियात’ नावाचे केंद्र सुरू केले. उर्दूत या शब्दाचा अर्थ मानसशास्त्र, हे येथे सांगायला नको. निरनिराळ्या वंशांच्या आणि संस्कृतींच्या लोकांना बोलून करावयाचा उपचार मिळावा, हा त्या केंद्राचा हेतू. वैद्य आणि रुग्ण यांच्यात वंशाचा, वर्णाचा, भाषेचा जो फरक असेल, तो झाकून न ठेवता त्यावर बोलले पाहिजे, असे करीम यांचे म्हणणे होते. वंशभेदाचा त्रास झालेला रुग्ण तो त्रास दाराबाहेर ठेवून आत येत नाही. वैद्यानेच तो विषय टाळला तर रुग्णाने कोणाच्या भरवशावर काढावा?

परंतु या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार केला आहे, तो डॉ. सलमान अख्तर यांनी. उर्दूचे प्रसिद्ध कवी जाँ निसार अख्तर यांचे हे चिरंजीव आणि जावेद अख्तर यांचे बंधू. भारतात वैद्यक शिकून ते १९७३ साली अमेरिकेला गेले आणि फिलाडेल्फियात मनोविश्लेषक म्हणून नावारूपाला आले. देश सोडलेल्या माणसाची घडण पुन्हा एकदा नव्याने होते, असे त्यांनी १९९५ साली मांडले. लहानपणी एकदा, पौगंडावस्थेत दुसऱ्यांदा आणि देश सोडल्यावर तिसऱ्यांदा. २००६ साली त्यांनी खुद्द स्थलांतरित मनोविश्लेषकापुढे येणाऱ्या अडचणींवर लेख लिहिला. आपल्याच देशाचा रुग्ण समोर आला म्हणजे अडचण संपते, असे त्यांनी म्हटलेले नाही. उलट तेथे काही खास खड्डे असतात, असा इशारा त्यांनी दिला. हे खड्डे मी आपल्या भागातील काल्पनिक उदाहरणांनी सांगतो.

पहिला खड्डा आठवणींचा. समजा, लंडनमध्ये खेड-दापोलीकडचा एक गृहस्थ आपल्याच भागातील समुपदेशकाकडे गेला. पहिल्याच भेटीत खाडी निघाली, आंबे-काजू निघाले, मोहल्ल्यातील ईद निघाली, आईच्या हातचे सांदण निघाले. दोघांचेही डोळे पाणावले. तास संपला. दुसऱ्या भेटीतही तेच. दोघांनाही फार बरे वाटते. पण सहा महिने ज्याला धड झोप नाही, त्याला झोप का नाही, हा प्रश्न तसाच राहतो. कदाचित त्या गावच्या गोड आठवणींखाली भावाशी झालेला जमिनीचा तंटा असेल, बापाच्या मयतीला पोचता आले नाही याची बोचणी असेल. वैद्यालाही स्वतःच्या गावाची कडू बाजू पाहायची नसेल, तर दोघे मिळून गोड आठवणींची चादर ओढून घेतात.

दुसरा खड्डा दोघांच्या प्रवासातील अंतराचा. वैद्य तीस वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेला, त्याला नोकरी आणि मान दोन्ही मिळाले. समोरची स्त्री लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी आली आहे, तिला एकटीने बसने जाता येत नाही, पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात आहे. दोघे एकाच देशाच्या विमानतळावरून निघाले, म्हणून दोघांचा प्रवास एक होत नाही. ‘मीही सुरुवातीला कष्ट काढले, तुम्हालाही सवय होईल’ हे वाक्य वैद्य धीर देण्यासाठी बोलतो. तिच्या कानांवर ते ‘सोसा’ असे पडते.

तिसरा खड्डा सर्वांत खोल. वैद्याच्या स्वतःच्या घरात जे मिटलेले नाही, ते तो रुग्णाच्या घरात मिटवू पाहतो. बर्मिंगहॅममध्ये वाढलेली मुलगी सांगते, की मला हे लग्न नको. वैद्याला स्वतःच्या मुलीची काळजी असेल तर तो नकळत बापाची बाजू घेतो. आणि जो स्वतः घरच्यांशी भांडून निघाला असेल तो तितक्याच नकळत ‘घर सोड’ या बाजूला झुकतो. दोन्ही वेळी मुलीचे ऐकणे राहूनच जाते. तिला लग्न नको आहे, की हा मुलगा नको आहे, की तिला फक्त कोणी विचारायला हवे आहे, हे कोणी शोधतच नाही. धर्माच्या बाबतीतही हेच. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, पाश्चात्त्य सिद्धांत डोळे झाकून उचलणाऱ्या मुस्लिम मानसशास्त्रज्ञांवर कठोर टीका केली. आधुनिक म्हणवून घेण्याच्या ओढीने रुग्णाच्या नमाजाला आजाराचे लक्षण मानणारा वैद्य जसा चुकतो, तसाच खऱ्या आजाराला केवळ ईमानाची कमजोरी म्हणणाराही चुकतो.

यावर उपाय काय? एक वाट फ्रान्समध्ये शोधली गेली. पॅरिसजवळ बोबिन्यी येथे मुसलमान रुग्णांसाठी १९३५ साली सुरू झालेले एक इस्पितळ आहे. १९७८ पासून त्याला आपल्या इब्न सीना यांचे, म्हणजे युरोपियनांच्या ‘अव्हिसेन’चे नाव आहे. कैरोत जन्मलेले आणि लहानपणीच कुटुंबासह इजिप्त सोडावे लागलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ तोबी नाताँ यांनी १९७९ साली तेथे स्थलांतरितांसाठी निराळ्या पद्धतीचा उपचार सुरू केला. पुढे मारी रोझ मोरो यांनी हे काम चालवले. त्या स्वतः स्पेनमधून फ्रान्सला आलेल्या कष्टकरी आईबापांची कन्या. या पद्धतीत एका रुग्णासमोर एकच वैद्य बसत नाही. निरनिराळ्या देशांतून आलेले अनेक उपचारक गोल करून बसतात, रुग्णाच्या भाषेचा जाणकार बसतो, घरची माणसेही येतात आणि रुग्ण आपल्या मायबोलीत बोलतो. एकाचा गैरसमज झाला तर दुसरा विचारतो. संस्कृतीच्या नावाखाली माणसाला त्याच्या जुन्या चालीरीतींतच कोंडले जाईल, अशी टीका नाताँ यांच्यावर झाली. ती टीकाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आफ्रिकेतून आलेल्याला प्रत्येक वेळी जादूटोण्याचेच दुःख असते असे नाही. कधी त्याचे दुःख घरभाड्याचे असते.

संस्कृतीच्या लेबलाने कशी फसगत होते, याचे आपल्या जवळचे उदाहरण पाहा. श्रीवर्धनची वृद्ध स्त्री मुलाकडे इंग्लंडला गेली. नाव मुसलमान, देश भारत, म्हणून दवाखाना तिला उर्दू बोलणारा समुपदेशक देतो. त्याची उर्दू सुरेख लखनवी. बाई उर्दू समजते, अदबीने ‘जी, जी’ म्हणते. पण तिचे रडणे, रागावणे, अंगाई, सारे आयुष्य कोकणी बोलीत झाले. तिच्या मनातील गोष्ट त्या शुद्ध उर्दूत येतच नाही. समुपदेशकाला वाटते, की बाई कमी बोलणारी आहे. ‘आम्ही दोघे मुसलमान, दोघे भारतीय’ एवढ्यावर तो थांबला नसता आणि ‘आपण घरी कोणत्या भाषेत बोलता?’ हा साधा प्रश्न त्याने विचारला असता, तर निदान दाराची कडी तरी निघाली असती.

या सगळ्याचा निष्कर्ष असा, की अनुभव असणे वेगळे आणि तो अनुभव तपासलेला असणे वेगळे. ज्या वैद्याने आपले देश सोडणे, आपली लाज, आपला अभिमान, आपली घराची ओढ ही नीट न्याहाळली आहे, त्याच्या हाती ते एक उत्तम साधन होते. ज्याने ती न्याहाळली नाही, त्याच्या हाती तोच अनुभव रुग्णाला मापायची चुकीची काठी होतो. म्हणूनच या व्यवसायात नवशिक्याला वर्षानुवर्षे अनुभवी वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. मनोविश्लेषणाच्या शिक्षणात तर उपचारकाला आधी स्वतः रुग्णाच्या जागी बसावे लागते.

पालकांना माझी तीन विनंत्यांची यादी आहे. पहिली, परदेशातील आपल्या माणसाला ‘आपल्यातलाच डॉक्टर बघ’ किंवा ‘आपल्यातला मुळीच नको’ असा हुकूम सोडू नका. काहींना आपल्या माणसाजवळ मन मोकळे करता येते. काहींना भीती असते, की मशिदीत, लग्नात, कोठेतरी गोष्ट फुटेल. लहान वस्तीत ही भीती खोटी नसते. गुप्तता पाळली जाईल ना, असे पहिल्याच भेटीत विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. आपल्या देशातही मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने हा हक्क दिला आहे. दुसरी विनंती, आईचे दुखणे सांगण्यासाठी दहा-बारा वर्षांच्या नातवाला दुभाषा म्हणून पाठवू नका. आजी त्याच्यासमोर खरे बोलणार नाही आणि बोललीच तर ते ओझे त्या पोराने कसे वाहावे? प्रशिक्षित दुभाषा मागावा. तिसरी, मागे राहिलेल्यांकडेही पाहा. ज्या घरातून माणूस गेला, त्या घरातील बायको आणि आई यांचेही एक प्रकारे स्थलांतरच झालेले असते. त्यांच्यासाठी शासनाची टेली मानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. तेथे मराठीतही बोलता येते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी. नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराचे आणि मनाचे आरोग्य एकाच ग्रंथात मांडले. मनालाही आजार होतो आणि त्यावरही इलाज असतो, हे सांगायला आपल्याला परक्यांची वाट पाहावी लागली नव्हती. आज आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी मानसशास्त्र, मानसोपचार, वैद्यकीय समाजकार्य या शाखांकडे वळावे. तुमच्याजवळ कोकणी बोली आहे, मराठी आहे, उर्दू आहे, गाव सोडण्याचा घरचा इतिहास आहे. हे भांडवल अनमोल आहे. पण उद्या तुमच्यासमोर आपल्याच गावची एखादी बाई येऊन बसली आणि तुमच्या मनात ‘हे तर मला ठाऊकच आहे’ असे आले, तर तेथेच थांबा आणि तिला म्हणा, ‘ताई, मला ठाऊक नाही असे समजून सांगा.’